तिखे

ज्या घरात सहा सुऱ्या असतात त्या घरात टोमॅटो हमखास चिरडला जातो, असा माझा बहुत वर्षांचा अनुभव आहे. ओट्याखालच्या खणात हात घालावा, तर एकामागून एक सुऱ्या निघतात. एक लग्नातल्या आहेराची, एक कुठल्याशा मिक्सरबरोबर फुकट आलेली, एक दातेरी, एक पिवळ्या मुठीची, एक टोक मोडलेली (तिची नेमणूक डब्यांची झाकणे उचकटण्यावर) आणि एक अशीच, कुठून आली ते कोणालाच ठाऊक नसलेली. सगळ्या लखलखीत. गंजाचा डाग नाही आणि धारेचाही मागमूस नाही. घरातली बाई त्यांतली त्यातल्या त्यात बरी निवडते, टोमॅटोच्या पाठीवर दोनदा घासते, तिसऱ्यांदा दाबते, आणि साल शाबूत राहून आतला गर बाहेर येतो. मग ती सुरी आदळते आणि कोपऱ्यातली विळी ओढते.

ही विळी (आमच्याकडे इळी, कोकणात मोरळी, गोव्यात आदोळी) दिसायला अगदी दरिद्री. पाते काळवंडलेले, पाटाला हळदीचे डाग. पण ती कापते. लखलखीत पाते कापत नाही आणि काळे पाते कापते, हे काय गौडबंगाल आहे? आयुष्यभर हायस्कुलात मुलांना विज्ञान शिकवलेल्या माणसाला हा प्रश्न स्वस्थ बसू देईना. निवृत्तीनंतर लोक ज्ञानेश्वरी हाती घेतात. मी सुऱ्या हाती घेतल्या. घरच्यांना ते फारसे रुचले नाही, पण ते असो.

आमचे गाव आजऱ्याच्या बाजूला. एका अंगाला ऊस, दुसऱ्या अंगाला जंगल, आणि वर पावसाळा असा की खुंटीला टांगलेला कोयता आठ दिवसांत आपोआप तांबडा व्हावा. म्हणजे सुरीची परीक्षा घ्यायला याहून योग्य जागा शोधूनही सापडायची नाही. गावात लोहाराचे घर एकच उरले आहे. त्यांना सगळा गाव मामा म्हणतो, मीही म्हणतो. मामा 'पोलाद' हा शब्द सहसा वापरत नाहीत. ते 'तिखं' म्हणतात. जुन्या कोशांत पाहिले तर तिखे म्हणजे पोलाद असा अर्थ सरळ दिलेला सापडतो. जे तीक्ष्ण होते ते तिखे. मिरचीचा तिखटपणा आणि सुरीचा तिखटपणा एकाच धातूपासून निघाले आहेत. आणि येथे 'धातू' शब्दावर कोटी करण्याचा मोह मी मोठ्या कष्टाने आवरतो.

मी मामांना म्हटले, "एका मापाची चार पाती करून द्या. लांबी सहा इंच, पाठीची जाडी सारखी, धारेचा उतार सारखा. फक्त लोखंड निरनिराळं."

मामा हसले. म्हणाले, "गुरुजी, शाळा सुटली तुमची, पण प्रयोगशाळा काय सुटंना!"

चार लोखंडे जमा झाली ती अशी. पहिले, ट्रकच्या मोडक्या कमानीतला पाटा. दुसरी, झिजून गेलेली मोठी कानस. तिसरे, ट्रॅक्टरच्या एका भल्यामोठ्या बेअरिंगचे बाहेरचे कडे. आणि चौथी, मुंबईहून मागवलेली स्टेनलेसची पट्टी, सुऱ्यांसाठीच करतात त्या जातीची. चांभाराची रापी पुष्कळदा यंत्राच्या करवतीच्या पात्याची केलेली असते. तेही फार कडक लोखंड, पण ते मामांच्या भट्टीला दाद देत नाही, नुसते सहाणेवर घासून आकाराला आणावे लागते. म्हणून ते मी सोडून दिले.

कोणत्या लोखंडात काय आहे हे ओळखण्याची मामांची रीत पाहण्यासारखी आहे. ते लोखंड फिरत्या सहाणेला लावतात आणि ठिणग्या वाचतात. साध्या लोखंडाची ठिणगी लांबलचक, सरळ, बिनफुलाची जाते. तेच तिखे असले की ठिणगी मध्येच फुटते आणि तिला फुले येतात. जितका कार्बन जास्त तितकी फुले दाट. कानस लावली तेव्हा सहाणेखाली अक्षरशः दिवाळी उजाडली. ह्यात कल्पनाविलास काही नाही. आपल्या फुलबाजीतली चांदणी म्हणजे तरी काय, जळणारा लोखंडाचा कीसच. तीही त्यातल्या कार्बनमुळेच फुटते. स्टेनलेसच्या ठिणग्या मात्र आखूड आणि विरळ, कंजूष माणसाने उडवल्यासारख्या. ती पाहून मामांनी मान हलवली.

आता ह्या कार्बनची गोष्ट थोडी सांगितली पाहिजे. लोखंडात शेकडा पाव भागाहून कमी कार्बन असला तर त्याची खिडकीची गजे होतात, सुरी होत नाही. सुरीला शेकडा अर्ध्यापासून एकापर्यंत लागतो. ट्रकच्या पाट्यात तो साधारण ०.६ टक्के असतो आणि जोडीला सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम असते. बेअरिंगमध्ये कार्बन १ टक्का आणि क्रोमियम दीड टक्का. कानशीत कार्बनच १ टक्क्याच्या वर, सव्वापर्यंत. पण कार्बन नुसता असून भागत नाही, तो अडकवावा लागतो. लोखंड लाल तापले की त्याच्या कणांची मांडणी बदलते आणि कार्बनला आत शिरायला जागा होते. सावकाश निवू दिले तर तो शिस्तीने बाहेर पडतो आणि लोखंड मऊ राहते. एकदम बुडवून निववले तर त्याला बाहेर पडायला अवधी मिळत नाही. गर्दीच्या एस. टी. त माणसे चढावीत आणि कंडक्टरने दार लावून घंटी मारावी, तशी अवस्था होते; कोणाला हलता येत नाही. हे न हलणे म्हणजेच कडकपणा. ह्यालाच आपले लोक 'पाणी देणे' म्हणतात.

मामा पाणी दिवसा देत नाहीत. तिन्हीसांज झाली, भट्टीभोवती काळोख दाटला, की मगच. उन्हात लोखंडाचा रंग फसवतो. मी शाळेतला जुना नालाकृती लोहचुंबक घेऊन गेलो होतो. साधारण ७७० अंशांवर लोखंड चुंबकाला ओळख देईनासे होते. त्याच्या थोडे पुढे गेले की पाणी देण्याची वेळ. मामा रंगावरून सांगत आणि मी चुंबकावरून ताडून बघे. पाटा आणि बेअरिंग त्यांनी गॅरेजमधून आणलेल्या जळक्या ऑइलमध्ये बुडवले. कानशीचे पहिले पाते पाण्यात घातले, तर आत 'टिण्' असा बारीक आवाज झाला. मामांनी पाते वर काढून पाहिलेसुद्धा नाही, ते कोपऱ्यात टाकले आणि दुसऱ्या कानशीला हात घातला. त्या आवाजाचा अर्थ चीर.

पाणी दिलेले पाते काचेसारखे कडक आणि काचेसारखेच ठिसूळ असते. म्हणून त्याचा ताठा थोडा उतरवावा लागतो. घासून पांढरे केलेले पाते मामा एका तापलेल्या जाड पत्र्यावर पाठीकडून ठेवतात आणि रंग चढताना पाहतात. आधी गव्हाच्या काडाचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी मोरपिशी निळा. भाजीच्या सुरीला काडाच्या रंगावर थांबायचे, कोयत्याला जांभळ्या-निळ्यापर्यंत जाऊ द्यायचे. थांबायचे म्हणजे डोळ्याचे पाते लवायच्या आत. आपल्या भाषेत गडबडीने उरकलेल्या कामाला 'घिसाडघाई' म्हणतात, आणि हा शब्द गावोगाव पाल ठोकून लोहारकाम करणाऱ्या घिसाडी लोकांवरून पडला असे सांगतात. रस्त्याच्या कडेला घिसाड्याची बायको घण मारताना ज्याने पाहिली असेल त्याला हा शब्द अन्यायाचा वाटल्याशिवाय राहणार नाही. लोखंड थांबत नाही. तिने घाई करायची नाही तर कोणी?

चौथ्या पट्टीला, स्टेनलेसला, मामांनी आकार दिला आणि परत केली. "हिला माझं पाणी लागत न्हाई," म्हणाले. खरेच आहे. त्या जातीला हजार अंशांच्या वर नेऊन, मोजून तेवढाच वेळ तेथे धरावे लागते. कोळशाच्या भट्टीत ते साधायचे नाही. मी ती कोल्हापूरला शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात देऊन पक्की करून आणली.

स्टेनलेस म्हटले की एक इंग्रज आठवतो. शेफील्डचा हॅरी ब्रिअर्ली. बंदुकीच्या नळ्या आतून लवकर झिजतात म्हणून तो वेगवेगळी पोलादे करून पाहत होता. १९१३ साली त्याने सुमारे १३ टक्के क्रोमियम घातलेले पोलाद ओतले आणि ते गंजेना. शेफील्ड म्हणजे सुऱ्यांचे माहेरघर. तो मोठ्या उमेदीने सुऱ्या करणाऱ्यांकडे गेला. त्यांनी आपल्या नेहमीच्या रीतीने त्याला पाणी दिले, ते नीट बसले नाही, आणि न कापणाऱ्या सुऱ्यांचा संशोधक म्हणून बिचाऱ्याची थट्टा झाली. पोलाद बदलले की पाण्याची रीतही बदलावी लागते, हे पटायला तेथल्या कारागिरांनाही वेळ लागला. आमच्या मामांनी ते पट्टी हातात घेताच सांगितले.

आपल्या खणातल्या सहा सुऱ्यांचे कोडेही येथेच सुटते. दोष स्टेनलेसचा नव्हे. डब्या-चमच्यांचे जे स्टेनलेस असते त्याला पाणी चढतच नाही. कितीही तापवा, कितीही बुडवा, ते मऊच राहते. त्याची सुरी म्हणजे चपटा चमचा. वाचकांपैकी ज्यांना हौस असेल त्यांनी सुरीच्या पात्याला चुंबक लावून पाहावा. तो चिकटला नाही, तर त्या सुरीला धार लावण्याचे कष्ट घेऊ नयेत. चिकटला, तर आशा आहे. पण स्वस्त सुऱ्यांत कार्बन इतका बेताचा आणि धारेमागची जाडी इतकी अघळपघळ असते की ती आशाही फार धरू नये. पोलाद कितीही उंची असले तरी जाड पाते गाजर कापत नाही, फोडते.

चारही सुऱ्या आमच्या स्वयंपाकघरात वर्षभर राबल्या. परीक्षक सौ., आणि अपील नाही. कानशीच्या सुरीने पहिल्याच दिवशी बाजी मारली. टोमॅटोची चकती अशी पडली की तिच्यातून कालनिर्णय वाचता यावे. आठवडेच्या आठवडे तिची धार हलली नाही. पण मग कैरीचे दिवस आले. कैरी चिरली आणि पाते निळेकाळे झाले, फोडीही डागाळल्या. कच्ची केळी, केळफूल, फणस, सगळ्यांचा हाच अनुभव. ह्या फळांतला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले की काळा रंग होतो. हिरडा आणि हिराकस एकत्र करून पूर्वी शाई करीत ती ह्याच न्यायाने. म्हणजे आमच्या घरी कैरीच्या लोणच्याबरोबर थोडी शाईही तयार होत होती. सौ.ना ह्या रसायनशास्त्राचे काही कौतुक वाटले नाही.

दुसरा प्रश्न ओलाव्याचा. साधे तिखे कापून झाल्याबरोबर पुसावे लागते. आमच्याकडे भांड्याला बाई येते ती दुपारी तीनला. सकाळी दहाची सुरी पाच तास मोरीत ओली पडली की तिच्यावर तांबूस बुरशीसारखा थर धरलेला. मामा म्हणाले, "खोबरेलाचं बोट फिरवा. शेंगतेल नको, ते चिकट हुतंय." त्यांचे म्हणणे बरोबर होते, शेंगदाण्याचे तेल हवेने हळूहळू चिकट होते, खोबरेल होत नाही. पण रोज रात्री सुरीला तेल लावणारे घर मी अजून पाहिलेले नाही, माझे धरून.

स्टेनलेसची सुरी कानशीइतकी तिखट कधीच झाली नाही आणि निसण्यावर तिने दुप्पट वेळ खाल्ला. तिच्यातले क्रोमियमचे कण दगडालाच दाद देत नाहीत. पण ती मोरीत पडली, कैरीत बुडली, लिंबात रात्रभर राहिली, आणि सकाळी जशीच्या तशी. बेअरिंगची सुरी ह्या दोघींच्या मधली. धारेला कानशीच्या खालोखाल, गंजायला जरा सावकाश. आणि पाट्याची? पाट्याची सुरी टोमॅटोला चौथी आली. मात्र रविवारी मटण आले की चौघींतली तीच बाहेर निघे. हाडाला लागून तिची धार वळे, पण तुटत नसे. निसण्यावर चार वेळा ओढली की पुन्हा सरळ.

घरातला निकाल असा झाला. रानातला निकाल मात्र पार उलटा लागला.

शेजारच्या आबांच्या मागे चिव्याचे बेट आहे. आबांना मी कानशीचे आणि पाट्याचे अशी दोन पाती दिली, ती त्यांनी मन मानेल तशी वापरावीत म्हणूनच. चिवा दिसायला गरीब, पण त्याच्या पेराला दगडाचा गुण असतो. कानशीच्या पात्याने तिसऱ्या की चौथ्या घावाला धारेतून अर्ध्या तांदळाएवढा तुकडा उडाला. आबांनी पाते डोळ्यांजवळ नेले आणि एवढेच म्हणाले, "ह्यो दात आता न्हाई उगवायचा." पाट्याचे पाते त्याच पेरावर थोडे वळले. आबांनी ते ओढ्यातल्या दगडावर घासले आणि पुढे चालू. धार वळणे आणि धार तुटणे ह्यांत केवढे अंतर आहे, हे घरातल्या टोमॅटोने मला कधी सांगितले नसते. कमानपाट्याची सगळी उमरच मुळी दहा-दहा टनांच्या ओझ्याखाली घाटाघाटातून वाकण्यात आणि पुन्हा सरळ होण्यात गेलेली असते. तो गुण सुरी झाल्यावरही जात नाही. एकच धोका, जुन्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असतात. मामा प्रत्येक तुकडा ऐरणीवर वाजवून बघतात. बद्द आवाजाचा बाजूला.

पण पोलादांची खरी तुलना मला कळली ती उसाच्या फडात.

दसरा झाला की बीड जिल्ह्यातून टोळ्या निघतात आणि दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागात खोपी पडतात. ह्या धंद्यात 'कोयता' हा शब्द हत्यारापुरता राहिलेला नाही. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. मुकादम विचारतो, टोळीत किती कोयते? उत्तर माणसांचे असते. ह्या कोयत्याला आधी उचल मिळते, आणि मग चार-सहा महिने टनावर ऊस तोडून ती फेडायची. न फिटली तर पुढल्या वर्षी पुन्हा ह्याच मुकादमाकडे. अशा हिशेबात कोयत्याची धार ही हौसेची बाब राहत नाही.

मामांकडून मी दोन कोयते करवून घेतले होते. एक बेअरिंगचा, काडाच्या रंगावर थांबवलेला, चांगला कडक. दुसरा पाट्याचा, निळ्यापर्यंत उतरवलेला. वजन सारखे, मूठ सारखी. आमच्या शिवारात उतरलेल्या टोळीतल्या एका जोडप्याला ते दिले आणि म्हटले, दोन दोन दिवस वापरून बघा.

पाचव्या दिवशी फडाच्या बांधावर ती बाई भेटली. तिने कडक कोयता माझ्या हाती दिला. "गुरुजी, ह्यो तुमचा तुमाला. पहिल्या सकाळी लोण्यात चालल्यावानी चालला. मग दगडाला लागला."

"मग धार नाही लावली?"

"लावाय गेले की! कानस धरंचना. नुसती घसरती वरून. दिस गेला समदा भोथऱ्यावर. ह्यो दुसरा बघा," तिने पाट्याचा कोयता उलटा करून गुडघ्याला टेकवला, कमरेची कानस काढली आणि दोन घास मारले, "झालं. आता मोळी बांधूस्तोवर बघाय नको."

सुऱ्यांचे जाणकार पोलादाचा कडकपणा रॉकवेल नावाच्या मापात सांगतात. जर्मन धर्तीच्या सुऱ्या ५५ ते ५८, जपानी साठीच्या वर, असे ते आकडे असतात, आणि ते वाढतील तशी किंमत वाढते. कानशीचा आकडाही साठीच्या वर. जे लोखंड कानशीच्या जवळपास कडक, त्याला कानस काय म्हणून कापील? त्याला हिऱ्याचा किंवा चांगला कुरुंदाचा दगड पाहिजे, पाणी पाहिजे, बसायला पाट पाहिजे आणि अर्धा तास निवांतपणा पाहिजे. फडात ह्यांतले काहीही नसते. आणि दगड चुकवता येत नाही. उसाची साखर बुडख्याशी जास्त, म्हणून कारखान्याला ऊस जमिनीसरसा तोडून हवा असतो. वर खोडकी राहिली तर ओरड होते. म्हणजे कोयता रोज, शेकडो वेळा, मातीत आणि खड्यात जाणारच. तेथे धार किती दिवस टिकते हा प्रश्नच नाही; किती क्षणांत परत येते हा प्रश्न. त्या बाईने माझ्यासमोर दोन घासांत जे केले ते कोणत्याही तक्त्यात मला सापडले नव्हते, कारण तक्ते करणाऱ्यांनी हत्याराला धार कोण लावणार हे विचारलेले नसते.

मी विचारले, एक दिवस भोथऱ्यावर गेला म्हणजे किती गेले? तिने ऊसाकडे हात केला. "आर्धा टन तरी कमी भरला. त्यो कोण भरून देनार?" त्या अर्ध्या टनाचे पैसे मी तिला दिले. तिने मोजून घेतले, कमरेला खोचले आणि पुन्हा वाकली.

ह्या हत्याराचे नाव मध्यंतरी फार बद्दू झाले. २०२२-२३ च्या सुमारास पुण्याच्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रोजचा झाला आणि शहरातल्या माणसाला कोयता म्हणजे गुन्ह्याची वस्तू वाटू लागली. कायदा त्या मानाने समजूतदार आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्याखालच्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला बंधन आहे. पण घरकामाची, शेतीची, धंद्याची हत्यारे त्यातून वगळली आहेत. पाते कसले ह्यापेक्षा काम कसले हे पाहावे, एवढे त्या नियम लिहिणाऱ्याला सुचले होते.

अलीकडे शहरांतल्या प्रदर्शनांत हौशी कारागिरांच्या सुऱ्या मांडलेल्या असतात. काही फार सुरेख. त्यांत एका जातीवर लाटालाटांची नक्षी असते आणि तिला 'दमास्कस' म्हणतात. दोन पोलादांचे थर एकावर एक ठोकून ती काढतात. पूर्वी ज्या दमास्कसच्या तलवारी गाजल्या त्यांचे पोलाद मात्र निराळे. ते दख्खनच्या आणि दक्षिणेच्या मुशींतून जाई. सध्याच्या तेलंगणातले कोनासमुद्रम हे त्याचे एक गाव. इंग्रज त्याला 'वूट्झ' म्हणत. मायकेल फॅरडेने १८१९ साली त्याचे पृथक्करण करून पाहिले, आणि तो लोहाराचाच मुलगा. आताच्या नक्षीदार सुरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण नक्षीने भाजी चिरली जात नाही. विकणाऱ्याला पाणी कोणी दिले, किती अंशांवर दिले, ताठा कितीवर उतरवला असे विचारावे. जो उत्तर देतो त्याची सुरी घ्यावी. जो नुसती नक्षी उन्हात फिरवून दाखवतो त्याला नमस्कार करावा.

आमच्याकडे सध्याची वाटणी अशी आहे. स्टेनलेस मोरीजवळ, सौ.च्या ताब्यात. कानशीची माझ्या ताब्यात. कोशिंबिरीपुरती मी ती काढतो, पुसतो, पुन्हा ठेवतो. बेअरिंगची मुलीने मुंबईला नेली. पाट्याची आबांकडे, मूठ एकदा बदलून. कडक कोयता भिंतीला टांगलेला आहे आणि पाट्याचा कोयता हंगाम संपल्यावर त्या बाईबरोबर बीडला गेला. परत मागितला नाही.

मामांचा भाता केव्हाच गेला, त्याच्या जागी विजेचा पंखा आला. मुलगा शिरोलीत, धातू तापवण्याच्याच एका कारखान्यात कामाला आहे. गेल्या दिवाळीत तो येताना उष्णता मोजण्याचे एक यंत्र घेऊन आला, पिस्तुलासारखे, दुरूनच आकडा सांगणारे. तिन्हीसांजेला मामा एका पाट्याला पाणी द्यायला बसले होते. त्यांनी सांडशीने पाते उचलले आणि म्हणाले, "आता." मुलाने यंत्र रोखले. आकडा आला ८४०.

"किती पायजे?" मामांनी पाते ऑइलमध्ये बुडवता बुडवता विचारले.

"आठशेचाळीसच्या आसपासच," मुलगा म्हणाला.

मामांनी धूर बाजूला सारला आणि त्या यंत्राकडे जरा निरखून पाहिले. "मग बरं दिसतंय तुझं यंत्र," म्हणाले, "घेऊन टाक."